शाळकरी वयातील वैद्यकदर्शन

ज्या घरात आई किंवा वडील डॉक्टर असतात, त्या घरातील मुलाला वैद्यकाच्या पेशाविषयी जे ज्ञान होते ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेले नसते. कोणत्या इयत्तेत कोणता विषय सोडला असता पुढची कोणती दारे बंद होतात, प्रवेशपरीक्षेला केव्हा बसावे, शिफारसपत्र कोणाकडे मागावे, शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी भोवळ आली तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, रात्रपाळी करून आलेला मनुष्य सकाळी चिडचिडा का असतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी तो त्याच कामावर का जातो, हे सारे त्याच्या कानांवर जेवताना, प्रवासात, पाहुण्यांच्या गप्पांत सहज पडत असते. स्थावर-जंगम मिळकतीची वाटणी होते तेव्हा तिचा दस्तऐवज होतो आणि सरकारदरबारी तिची नोंद राहते. माहितीच्या या वारशाची मात्र कोठेच नोंद होत नाही, आणि म्हणून तो किती विषम प्रमाणात वाटला गेला आहे हे समाजाच्या सहसा ध्यानात येत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्याजवळचे आकडे तपासले, तेव्हा असे दिसून आले की 1988 ते 2017 या कालखंडातील प्रत्येक वर्षी नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपैकी 73 ते 79 टक्के विद्यार्थी उत्पन्नाच्या दृष्टीने वरच्या दोन पंचमांशांत मोडणाऱ्या कुटुंबांतून आलेले होते. सरकारे बदलली, शिष्यवृत्त्या वाढल्या, महाविद्यालयांची संख्याही वाढली. पण हे प्रमाण जवळजवळ जागचे हलले नाही.

या स्थितीवर जे अनेक उपाय त्या देशात योजले गेले त्यांपैकी एक, काहीसा अनपेक्षित वाटणारा उपाय असा की सहावी ते आठवीच्या मुलांना, म्हणजे अकरा ते चौदा वर्षांच्या वयात, वैद्यकाच्या क्षेत्राचे विनामूल्य दर्शन घडवावे. विश्वविद्यालये, रुग्णालये, सरकारी खाती आणि धर्मादाय निधी यांच्या आश्रयाने चालणाऱ्या अशा उपक्रमांची तेथे आज मोठी परंपरा आहे. त्यांचे प्रयोजन बारा वर्षांच्या मुलाला डॉक्टर बनवणे हे आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः जी माहिती काही घरांत वारशाने मिळते ती सार्वजनिक मालकीची करणे, हेच या उपक्रमांचे खरे कार्य आहे, आणि त्याच निकषावर त्यांची परीक्षा झाली पाहिजे.

ही योजना नेमक्या याच वयावर का येऊन थांबली, हे समजण्यासाठी तेथील शिक्षणक्रमाची रचना थोडी पाहावी लागते. प्राथमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षणाच्या मध्ये एक स्वतंत्र टप्पा असावा या विचाराने ओहायो संस्थानातील कोलंबस शहरात 1909 साली पहिली ‘ज्युनियर हायस्कूल’ निघाली. पुढे 1963 मध्ये विल्यम अलेक्झांडर या शिक्षणतज्ज्ञाने, वयात येणाऱ्या मुलांच्या गरजा निराळ्या असतात, हे तत्त्व धरून ‘मिडल स्कूल’ची कल्पना मांडली, आणि ती देशभर रूढ झाली. या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला डॉक्टर व्हावयाचे असेल, तर चार वर्षांची हायस्कूल, चार वर्षांची पदवी, एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा, चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर शाखेप्रमाणे तीन ते सात वर्षांची निवासी उमेदवारी एवढा पल्ला गाठावा लागतो. स्वतंत्रपणे रोग्याला औषध देण्याचा अधिकार हाती येईपर्यंत तिशी उजाडते, आणि कर्ज काढून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर तोवर सुमारे दोन लाख डॉलरांचा बोजा चढलेला असतो.

इतक्या लांबच्या प्रवासाची पहिली चौकी मात्र आठवीतच लागते, आणि ती गणिताची असते. आठवीत बीजगणित घेतलेला विद्यार्थी भूमिती, उच्च बीजगणित आणि कलनपूर्व गणित या क्रमाने बारावीत कलनशास्त्रापर्यंत सुखाने पोहोचतो. ज्याने ते एक वर्ष पुढे ढकलले त्याला कलन गाठण्यासाठी धावपळ करावी लागते, आणि पदवीच्या काळात रसायन व पदार्थविज्ञान यांच्या अभ्यासात तीच उणीव पुन्हा आडवी येते. आठवीतील बीजगणिताचा हा निर्णय बहुतेक मुले आणि त्यांचे पालक त्याचा परिणाम न जाणताच घेतात. नागरी हक्कांच्या चळवळीत नाव मिळवलेल्या रॉबर्ट मोझेस यांनी 1982 मध्ये ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला तो याच जाणिवेने, की मतदानाच्या हक्काइतकाच बीजगणिताचा वर्ग हाही नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

वयाच्या निवडीला दुजोरा देणारे एक संशोधन 2006 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. व्हर्जिनिया विश्वविद्यालयाचे रॉबर्ट ताई आणि त्यांचे सहकारी यांनी 1988 मध्ये आठवीत असलेल्या आणि पुढे पदवीपर्यंत पोहोचलेल्या 3,359 विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. त्या मुलांना आठवीतच असा प्रश्न विचारला गेला होता की, तिसाव्या वर्षी आपण कोणते काम करीत असू असे तुम्हांला वाटते? ज्यांनी विज्ञानाशी संबंधित कामाचे नाव घेतले, त्यांनी जीवशास्त्रीय विषयांत पदवी मिळवण्याची शक्यता इतरांच्या 1.9 पट आणि भौतिक विज्ञाने किंवा अभियांत्रिकी यांत 3.4 पट निघाली. याहून विचार करावयास लावणारा निष्कर्ष पुढचा होता. गणितात मध्यम असलेल्या पण विज्ञानाची आकांक्षा धरणाऱ्या मुलाने भौतिक विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी घेण्याची शक्यता 34 टक्के होती, तर गणितात उत्तम असलेल्या पण तशी आकांक्षा नसलेल्या मुलाची ती केवळ 19 टक्के होती. आकांक्षा हेच यशाचे कारण, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण आकांक्षा धरणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थितीही निराळी असू शकते. परंतु तेरा-चौदाव्या वर्षी मुलाच्या मनात भविष्याचे जे चित्र असते ते सर्वस्वी पोरखेळ समजून सोडून द्यावे असे नसते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

सरकारने या कामात लक्ष घातले ते मात्र मुलांच्या आकांक्षेपेक्षा डॉक्टरांच्या टंचाईमुळे. 1965 मध्ये वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि निर्धनांसाठी ‘मेडिकेड’ या योजना मंजूर झाल्या, औषधोपचाराची मागणी एकाएकी वाढली, आणि विशाल ग्रामीण मुलखात व शहरांच्या गरीब वस्त्यांत डॉक्टरच नाहीत ही वस्तुस्थिती झाकता येईना. क्लार्क केर यांच्या अध्यक्षतेखालील कार्नेगी आयोगाने 1970 च्या आपल्या अहवालात अशी शिफारस केली की विश्वविद्यालयांच्या नगरांबाहेर देशभर 126 क्षेत्रीय आरोग्यशिक्षण केंद्रे स्थापावीत. काँग्रेसने 1971 च्या कायद्यात त्यासाठी तरतूद केली, आणि 1972 मध्ये ‘एरिया हेल्थ एज्युकेशन सेंटर’ या नावाने पहिल्या अकरा योजनांना मंजुरी मिळाली. नॉर्थ कॅरोलायना संस्थानातील योजना त्यांतलीच. आडगावच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना चालू ज्ञानाशी जोडून ठेवणे हे या केंद्रांचे एक काम, आणि त्याच गावच्या शाळांतील मुलांना या पेशाकडे वळवणे हे दुसरे.

या दुसऱ्या कामामागचा तर्क अनुभवसिद्ध आहे. शहरात वाढलेल्या डॉक्टराला पगाराचे आमिष दाखवून खेड्यात नेता येते, पण मुदत संपताच तो परत फिरतो. खेड्यातच वाढलेला डॉक्टर तेथे टिकण्याचा संभव पुष्कळच अधिक असतो. फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजने 1974 पासून ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी जो खास कार्यक्रम चालवला त्यातून हेच दिसून आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये सर्व देशांना केलेल्या शिफारशींतही ग्रामीण विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य द्यावे असे म्हटले. परंतु प्राधान्य देण्यासाठी आधी अर्जदार हवेत. अर्ज करण्याची कल्पना ज्यांच्या मनाला कधी शिवलीच नाही, त्यांना प्राधान्य कसे देणार? म्हणूनच महाविद्यालयाचे काम शाळेपर्यंत खाली उतरले.

वंशभेदाचा इतिहास हे दुसरे आणि अधिक दुखरे कारण होय. 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्स्नर यांनी अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचा जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्याने भोंदू महाविद्यालये बंद पाडून शिक्षणाचा दर्जा उंचावला हे खरे. पण त्याच लाटेत कृष्णवर्णीयांसाठी चाललेली बहुतेक वैद्यकीय विद्यालयेही बुडाली, आणि वॉशिंग्टनचे हॉवर्ड व नॅशव्हिलचे मेहॅरी ही दोनच तग धरून राहिली. ज्या समाजाच्या शिक्षणसंस्था अशा रीतीने नाहीशा होतात, त्यातील मुलांना आपल्यासारखा दिसणारा डॉक्टर पाहावयास मिळणेही दुर्मिळ होते. 1978 साली वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज करणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांची संख्या 1,410 होती, ती 2014 मध्ये 1,337 भरली. छत्तीस वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली आणि हा आकडा उलट घटला. महाविद्यालयांच्या संघटनेने 2015 च्या अहवालात हे आकडे प्रसिद्ध केल्यावर, ज्या उपक्रमांत पांढरा डगला घातलेले कृष्णवर्णीय डॉक्टर शाळाशाळांतून मुलांना भेटतात त्या उपक्रमांना नवा जोर आला.

माहितीअभावी वाट कशी अडते आणि केवळ योगायोगाने ती कशी उघडते, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, आणि त्याचा संबंध अमेरिकेशीच येतो. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तेथील एका धार्मिक नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला, त्यांनी पत्र लिहिले, आणि त्या पत्रव्यवहारातून 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचल्या. 1886 मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या निर्धाराचे आणि बुद्धीचे गुणगान आपण योग्यच करतो. पण तो अंक त्या दिवशी त्या दंतवैद्याकडे नसता तर काय झाले असते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. प्रत्येक मुलाच्या वाट्याला मिसेस कार्पेंटर येत नाहीत. योगायोगाने एखाद्यालाच जे लाभते ते अनेकांना नियमाने लाभावे, यासाठीच संस्था लागतात.

आता या उपक्रमांत प्रत्यक्ष काय चालते ते पाहू. त्यांचे स्वरूप सर्वत्र एक नसते. काही ठिकाणी डॉक्टर आणि परिचारिका शाळेच्या वर्गात येऊन तासाभराचे प्रात्यक्षिक देतात. काही ठिकाणी शाळेची बस मुलांना दिवसभरासाठी वैद्यकीय महाविद्यालयात नेते. कोठे शनिवारचे वर्ग वर्षभर चालतात, तर कोठे उन्हाळ्याच्या सुटीत आठवडा-दोन आठवड्यांचे शिबिर भरते. ‘मिनी मेडिकल स्कूल’ हा जो प्रकार कोलोरॅडो विश्वविद्यालयातील जॉन कोहेन या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाने 1990 च्या सुमारास सामान्य नागरिकांसाठी रूढ केला, त्याच्या लहान मुलांसाठीच्या आवृत्त्याही पुढे अनेक ठिकाणी निघाल्या.

दिवसाचा सर्वांत आवडता भाग बहुधा विच्छेदनाचा असतो. मेंढीचे हृदय यासाठी वापरतात, कारण त्याची घडण मानवी हृदयाशी पुष्कळच जुळते. दोन कर्णिका आणि दोन जवनिका मुलांनी चित्रात पाहिलेल्या असतात. पण हातमोजा घातलेल्या बोटांनी चाचपल्यावर डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड लागते, आणि मग ती तशी का, असा प्रश्न मुलेच विचारतात. उजव्या जवनिकेला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलावयाचे असते, डावीला ते सर्व शरीरभर पोहोचवावयाचे असते, हे उत्तर त्या क्षणी समजते आणि सहसा विसरले जात नाही. झडपांना धरून ठेवणारे पांढरे तंतू, बैलाच्या डोळ्यातील पारदर्शक भिंग, केळ्याच्या सालीवर किंवा डुकराच्या पायावर घातलेले टाके, मनगटावर चढवलेले प्लॅस्टर, श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या यंत्रावर दिसणारी स्वतःच्याच मानेतील रक्तवाहिनीची धडधड, अशा गोष्टींतून शरीर हा अभ्यासाचा विषय आहे, भीतीचा किंवा किळसेचा नव्हे, हे मुलांच्या अंगवळणी पडते. ज्याला रक्त पाहवत नाही त्यालाही ते याच वेळी कळते, आणि तेही ज्ञान कमी मोलाचे नाही.

दुसरा हमखास भाग म्हणजे बंद पडलेल्या हृदयाचे काम चालू ठेवण्याची, म्हणजेच सीपीआरची तालीम. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पुतळ्याचा इतिहास मनोरंजक आहे. नॉर्वेतील स्टाव्हांगर गावचे आस्मुंड लेर्डाल हे मुळात खेळणी बनविणारे कारखानदार. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनविण्याचे कसब त्यांना अवगत होते, आणि डॉक्टरांच्या विनंतीवरून 1960 मध्ये त्यांनी ‘रिससी ॲन’ हा मानवाकृती पुतळा तयार केला. पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या अनामिक युवतीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका मुखवट्यावरून त्याचा चेहरा घेतला आहे. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या शाळांतून हे शिक्षण सुरू झाले. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा, हा नियम सांगण्यास सोपा आणि पाळण्यास दमछाक करणारा आहे. दोन मिनिटांत मुले घामाघूम होतात आणि मग आळीपाळीने काम करण्याची गरज त्यांना न सांगताच पटते. बाराव्या वर्षापासून दरवर्षी दोन तास हे शिक्षण द्यावे, या ‘किड्स सेव्ह लाइव्ह्ज’ नावाच्या आवाहनाला जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये आपला पाठिंबा दिला आहे. डॉक्टर न होणाऱ्या मुलालाही जी विद्या जन्मभर उपयोगी पडेल अशी ही विद्या असल्यामुळे, या उपक्रमांवरील खर्च कधीच सर्वस्वी वाया जात नाही.

प्रत्यक्ष रोग्याजवळ मात्र मुलांना क्वचितच नेतात. रोग्याच्या माहितीची गुप्तता राखण्याविषयी 1996 चा कायदा आहे, संसर्गाचा धोका आहे, आणि आजारी माणूस हे प्रदर्शन नव्हे हा साधा विवेकही आहे. त्या जागी नटांना रोगी बनविण्याची युक्ती वापरतात. दक्षिण कॅलिफोर्निया विश्वविद्यालयात 1963 मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी ती वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी प्रथम योजली. शिकवून तयार केलेला मनुष्य पोटदुखीची तक्रार सांगतो, मुले गटागटाने त्याला प्रश्न विचारतात, आणि निदान चुकले की बहुधा कळते की चूक ज्ञानाची नव्हती; नेमका प्रश्न विचारावयाचा राहिला होता, किंवा रोगी बोलत असताना कोणी त्याला मध्येच तोडले होते. ऐकून घेणे हे वैद्यकाचे अर्धे काम आहे, ही गोष्ट व्याख्यानापेक्षा अशा खेळातून अधिक लवकर पटते.

चांगल्या उपक्रमाची आणखी एक खूण अशी की तो डॉक्टरीपुरता थांबत नाही. एका रुग्णालयाचा कारभार चालण्यासाठी परिचारिका, औषधनिर्माते, क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळेतील परीक्षक, श्वसनोपचार करणारे, भौतिकोपचार करणारे, आहारतज्ज्ञ, रुग्णवाहिकेवरील प्रथमोपचारक, दप्तर सांभाळणारे आणि यंत्रे दुरुस्त करणारे असे कितीतरी लोक लागतात. यांपैकी काही पेशे दोन वर्षांच्या शिक्षणाने साध्य होतात, आणि ज्या मुलाला तिशीपर्यंत थांबणे परवडणार नाही त्याच्यासाठी ही माहिती डॉक्टरीच्या स्वप्नाहून अधिक उपकारक ठरू शकते. ‘फिजिशियन असिस्टंट’ हा पेशा तर 1965 पूर्वी अस्तित्वातच नव्हता. त्या वर्षी ड्यूक विश्वविद्यालयात युजीन स्टेड यांनी नौदलातून निवृत्त झालेल्या चार वैद्यकसेवकांना घेऊन तो सुरू केला. जी नावे मुलांनी कधी ऐकलीच नाहीत ती त्यांच्या कानावर घालणे, हेच येथे मुख्य शिक्षण होय.

टेक्सास संस्थानातील ह्यूस्टन शहराने या कल्पनेला संपूर्ण शाळेचेच रूप दिले. तेथील बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन आणि शहराचे शाळाखाते यांनी मिळून 1972 मध्ये आरोग्यविषयक पेशांसाठी खास हायस्कूल काढली, आणि पुढे तिला मायकेल डेबेकी या विख्यात हृदयशल्यविशारदाचे नाव देण्यात आले. हायस्कूलपर्यंत येणारी मुले आधीच चाळली गेलेली असतात हे ध्यानात आल्यावर, 2013 मध्ये त्याच महाविद्यालयाच्या सहकार्याने ‘थर्ड वॉर्ड’ या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सहावी ते आठवीची शाळा सुरू झाली. ज्या इमारतीत ती भरते, तेथे 1926 साली कृष्णवर्णीय मुलांसाठीची जॅक येट्स हायस्कूल उघडली होती, आणि जेम्स रायन हे तिचे पहिले मुख्याध्यापक होते. नव्या शाळेच्या नावात त्यांचे नाव राखले आहे. शाळा सार्वजनिक असल्यामुळे फी नाही. विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या मार्गानेही हे काम चालते. 1976 मध्ये स्थापन झालेल्या ‘होसा’ या संघटनेचा मिडल स्कूलच्या मुलांसाठी वेगळा विभाग असून शरीरशास्त्राच्या परिभाषेपासून प्रथमोपचारापर्यंतच्या स्पर्धा ती घेते.

विनामूल्य म्हणजे खर्चाविना नव्हे. खर्च दुसरा कोणी सोसतो, एवढाच त्याचा अर्थ. क्षेत्रीय केंद्रांना संघराज्याच्या आरोग्यखात्याकडून अनुदान मिळते. राष्ट्रीय आरोग्य संस्था 1991 पासून एका खास योजनेतून शाळकरी मुलांच्या विज्ञानशिक्षणाला पैसा देते. व्यवसायशिक्षणाच्या कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली तेव्हा त्यातील निधी पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी वापरण्याची मुभा मिळाली. करमाफी असलेल्या रुग्णालयांना आपण लोकहितासाठी काय केले याचा हिशेब सरकारला सादर करावा लागतो, आणि म्हणून तीही अशा कामांत हात घालतात. याउलट, हजारो डॉलर फी आकारणारी खाजगी शिबिरेही पुष्कळ आहेत. ‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे’ अशा थाटाची मानपत्रवजा निमंत्रणे पालकांकडे धाडण्याची त्यांच्यापैकी काहींची रीत असते. त्या निमंत्रणाने मुलाची योग्यता सिद्ध होत नाही, आणि अशा शिबिराच्या दाखल्याला पुढे महाविद्यालयाच्या प्रवेशात विशेष किंमत मिळते असेही नाही.

फी माफ केल्याने प्रवेश खुला होतोच असे मात्र समजू नये. अर्जासोबत निबंध मागितला, शिक्षकाचे शिफारसपत्र मागितले, उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता मुलाला घरी नेण्यास मोटार घेऊन यावे असा नियम केला, की ज्या आईला कारखान्यातून सुटी मिळत नाही तिचे मूल आपोआप गळते, आणि जागा पुन्हा डॉक्टरांच्याच मुलांनी भरतात. बस, जेवण आणि पालकांच्या भाषेतील पत्रक या तीन गोष्टींची तजवीज केलेला साधा उपक्रम, उत्तम यंत्रसामग्री असलेल्या पण या तिन्ही गोष्टी विसरलेल्या उपक्रमाहून श्रेष्ठ होय. दुसरी अडचण मोजमापाची. बारा वर्षांच्या मुलाला दिलेल्या शिक्षणाचे फळ पंधरा-वीस वर्षांनी दिसणार, आणि अनुदानाची मुदत तीन ते पाच वर्षांत संपणार. त्यामुळे अहवालांत हजेरीचे आकडे आणि ‘आवडले’ असे लिहिलेल्या प्रश्नावल्या भरपूर असतात, पुढे काय झाले याचा मागोवा थोडा. शिवाय आपणहून आलेली मुले मुळातच उत्सुक असतात, तेव्हा त्यांच्या यशाचे श्रेय उपक्रमाला किती आणि त्यांच्या स्वभावाला किती हे ठरविणे कठीण पडते. एका दिवसाच्या नवलाईने मुलाचे डोळे दिपतात, पण त्याला वाट दाखविण्यास तेच ते माणूस पुनःपुन्हा भेटावे लागते. म्हणून सहावीत भेटलेल्या मुलांना सातवीत आणि आठवीत पुन्हा बोलावणारे, आणि त्यांच्या बीजगणिताच्या वर्गाची चौकशी करणारे उपक्रमच खऱ्या अर्थाने उपयोगी मानावे लागतात.

मराठी वाचकाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे वैद्यकाचा प्रवेश बारावीनंतरच्या एका परीक्षेवर ठरतो आणि तिच्या तयारीचे सशुल्क वर्ग आता आठवीपासून भरू लागले आहेत. परंतु त्या वर्गांत परीक्षेचे दर्शन होते, पेशाचे होत नाही, आणि रुग्णालय आतून कसे चालते हे एकदाही न पाहिलेली मुले त्यासाठी आपली सारी किशोरावस्था पणास लावतात. गोव्यात 1842 पासून आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या रूपाने 1845 पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा आहे; जिल्ह्याजिल्ह्यांत आता सरकारी महाविद्यालये उभी राहत आहेत, आणि शरीरशास्त्राचा विभाग तर प्रत्येकात असतो. महिन्यातील एक शनिवार जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी राखून ठेवणे, त्यांना आणण्यासाठी एस.टी.ची सोय करणे, निवडपरीक्षा न घेणे, डॉक्टरांच्या बरोबरीने परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांनाही मुलांशी बोलू देणे, आणि तीच मुले सलग तीन वर्षे बोलावणे, याला नवा कायदा लागत नाही आणि फार मोठा निधीही लागत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी डॉक्टरांच्या मुलांना या दर्शनाची गरज नाही, ते त्यांना घरीच घडते. पण शेजारच्या शाळेतील ज्या मुलांना ते घडत नाही त्यांच्यासाठी वर्षातील चार शनिवार देणे त्या डॉक्टरांना सहज शक्य आहे. महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी, मुख्याध्यापकांनी आणि गावोगावच्या डॉक्टरांनी येत्या शैक्षणिक वर्षापासून हे काम हाती घ्यावे, आणि ज्या मुलाच्या घरात आजवर कोणी डॉक्टर झाला नाही त्याला पहिले निमंत्रण धाडावे.